आखूड रेघेची बाजू

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना पाठीतून जो आवाज आला तोही नमस्कारातच धरावा.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो, की प्रत्येक पायरीशी वाटाघाटी अजून चालूच आहेत? भाऊजींच्या औषधांच्या दुकानात गर्दी असेल, म्हणजे लोक आजारी असतील, म्हणजे तुमचं उत्तम चाललं असेल. तसंच चालो असं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मोघम कुशल इच्छितो.

तू मागच्या पत्रात मला एक कामगिरी दिली होतीस. तुझी लेक शिकायला माझ्याकडे राहते, दुसरं वर्ष संपत आलं, मानसशास्त्र हे काही पोट भरायचं शास्त्र नव्हे. तेव्हा मामाने गोडीगुलाबीने तिचं मन वळवावं आणि परीक्षा झाली की तिला दुकानात बसायला घरी पाठवावं. मी ‘निर्धास्त राहा’ असं कळवलं होतं. (जन्मभर संस्कृत शिकवणाऱ्याने पोट भरण्याच्या शास्त्रावर उपदेश करावा का, हा प्रश्न घरात एकीनेच विचारला. ती तुझी भावजय.)

मन वळवायचं तर आधी ते कुठे आहे हे पाहावं, म्हणून मी तिच्या अभ्यासात लक्ष घातलं. पहिला विषय मानवी विकास. शेजारच्या चिमुरड्यासमोर तिने बसक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं आणि कशात जास्त म्हणून विचारलं, तर तो म्हणाला उंच पेल्यात. वय वाढलं की ही चूक सुधारते म्हणे. (तुझी भावजय पाहुण्यांना वर्षानुवर्षं उंच, अरुंद पेल्यातून सरबत देते आणि पिकल्या केसांचे लोकही ‘एवढं कशाला’ म्हणतात, हे शास्त्राच्या अजून कानावर गेलेलं नाही.) मग चहाच्या वेळी तिने मला सांगितलं, की माझ्या वयाच्या माणसापुढे दोनच वाटा असतात: पुढच्या पिढीला काही देणं, नाहीतर साचून राहणं. ‘मामा, तू साचलायस का रे?’ हे तिने इतक्या मायेने विचारलं, की मी हो म्हणणारच होतो.

खरं प्रकरण घडलं ते संशोधनपद्धतीच्या पेपरात. त्यात सामाजिक वर्तनावर एक प्रयोग करून दाखवावा लागतो, आणि तो फसला तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद. (म्हणजे तुझं काम परस्पर झालं असतं, याची नोंद घ्यावी.) तिला हवी होती काहीही माहीत नसलेली माणसं. अशी कॉलेजात पुष्कळ सापडली, एक कमी पडला, म्हणून मला बोलावलं.

वर्गात पाच-सहा मुलं बसलेली, मला कडेची खुर्ची. फळ्यावर एक रेघ, शेजारी आणखी तीन. पहिलीइतकी लांब कोणती ते ओळीने सांगायचं. मधली, हे चष्मा घरी विसरलेल्यालाही कळलं असतं. पण मुलं एकामागून एक ठासून म्हणाली, शेवटची. ती चांगली वीतभर आखूड. ही सगळी तिनेच पढवून बसवलेली होती. अख्खी रांग चुकताना पाहून शेवटचा माणूस त्यांच्यामागे जातो की स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, एवढंच बघायचं होतं. मला काय ठाऊक. आमच्या परंपरेत समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्याहून चांगलं मांडून दाखवावं लागतं. याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो लेचापेचा मांडला तर तो वाद नव्हे, नळावरचं भांडण. तेव्हा मी उठलो आणि आखूड रेघेची बाजू मांडली. डोळे फसतात हे सांगितलं, जागा बदलली की लांबी बदलते हे सांगितलं, आपण एकटे शहाणे असं वाटू लागलं की माणसाने आधी चष्मा पुसावा हेही सांगितलं. ओघ असा लागला (माझ्यासमोर इतकी मुलं बसलेली मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती), की खंडनाकडे वळणार तोच घंटा झाली आणि पुढचा वर्ग दारात येऊन उभा राहिला.

परिणाम असा, की खोटं बोलायला बसवलेल्यांपैकी दोघांना आखूड रेघच खरी वाटू लागली. एक मुलगी पट्टी घेऊन फळ्याकडे निघाली, तर त्यांतला एक तिला म्हणाला, ‘पट्टीचं काय घेऊन बसलीस, सरांचं ऐकलं नाहीस का?’

तुझी लेक घरी येऊन डोकं धरून बसली. तक्त्यात तिचे रकाने दोनच, ‘बधला’ आणि ‘बधला नाही’.

‘मामा, तुला कुठे घालू?’

‘माझा सिद्धान्त सांगायचा राहिलाय अजून.’

‘मग सांग आता.’

‘आता काय उपयोग? आता मला प्रयोग ठाऊक आहे.’

‘नेमकं हे बरं कळलं तुला.’

मैत्रिणींनी सल्ला दिला, सरांना गाळून टाक, आकडे छान येतात, कोण बघतंय. तुझ्या भावजयीचंही मत पडलं, की नाहीतरी ह्यांना घरात कोण मोजतं. पण पोरीने ऐकलं नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी सहज व्हरांड्यात उभा होतो. (सहज म्हणजे रजा टाकून.) बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंचा आवाज करवतीसारखा. हा गृहस्थ कुठल्याच रकान्यात नाही, याला काढला असता तर निष्कर्ष स्वच्छ आला असता, हे कळलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी दाराच्या आणखी जवळ सरकलो. ती म्हणाली, ‘कळलं, बाई. पण निष्कर्षात बसत नाही म्हणून माणूसच काढला, तर मी माणसांचा अभ्यास केला असं कुठल्या तोंडाने सांगू? चूक माझ्या रकान्यांची आहे. तसं मी लिहिलंय.’ आत पानं उलटल्याचा आवाज आला. मग करवत म्हणाली, ‘पाणी पी. आणि हा भाग मला नीट समजावून सांग.’

ताई, पास तर ती झालीच. पण मी आयुष्यात बरेच वाद ऐकले. आपल्या गैरसोयीचं खरं इतक्या साध्या आवाजात सांगणारं माणूस क्वचित भेटलं. तिचं मन आहे तिथे छान बसलं आहे, आणि मी त्याला हात लावणार नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा, बहुतेक बाबतींत आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. तिसऱ्या वर्षासाठी तुमचा होकार हवा आहे. तिने मागू नकोस असं सांगितलं, म्हणून मी मागतो. दुकानाला माणूस मिळेल.

आणखी ता. क. सुट्टीत ती आपण होऊन दुकानात बसायला येते आहे. लगेच हरखून जाऊ नकोस. पुढच्या वर्षी तिला अभ्यास करायचा आहे तो, मूल स्वतःचा निर्णय घेऊ लागलं की आईवडील कसे वागतात याचा, आणि सुरुवात घरापासून. या अभ्यासात भाग घ्यायला तुमची संमती ती आल्यावर रीतसर मागेल; तोवर बोलू नकोस असं मला बजावलं आहे, कारण कुणी बघतंय हे कळलं की माणसं एकदम शहाण्यासारखी वागू लागतात, अशी तिला धास्ती आहे. मला तीच आशा आहे, म्हणून कळवलं.