टेंभेकर साहेबांची स्तुती

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१४ मे १९९४

तीर्थस्वरूप अण्णांच्या सेवेशी,

जावई आत्मारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपली गुडघेदुखी उतरली असेल (नसली तरी आपल्याला जिने नाहीत आणि अंगणात विहीर आहे, हे सुख थोडं नव्हे). नीलम पेणला आपल्याकडे आल्याला पाच आठवडे झाले. जाताना "नळाला पाणी आलं की कळवा, तोवर मी माहेरी," एवढंच म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. टँकरमागे कळशी घेऊन धावणाऱ्या बाईला 'बेव्हर्ली पार्क' असा पत्ता सांगायला लाज वाटणारच. तर कळवायला आनंद वाटतो, की पाणी आलं!

हा पराक्रम नगरपालिकेच्या नव्या मुख्याधिकाऱ्यांचा. सरकारने नेमून पाठवलेला साहेब म्हणजे दारावरची पाटी बदलणार, बाकी जैसे थे, असं मी आजवर मानत होतो. आधीचे साहेब भले गृहस्थ. त्यांच्याविरुद्ध आमच्या सोसायटीने एकतीस अर्ज केले (सव्वीस माझ्या अक्षरात), मोर्चा नेला, रिकाम्या बादल्या बडवल्या. साहेब तीन वर्षं जागचे हलले नाहीत. प्रत्येक अर्जावर 'पाहिले' असा शेरा मारून खाली सही मात्र सुरेख करायचे. मग टेंभेकर साहेब आले. रिवाजाप्रमाणे आम्ही शाल-नारळ घेऊन गेलो. त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाले, "यात पाणी आहे, तुमच्याकडे नाही. घेऊन जा." दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला साहेब आमच्या गल्लीत हजर, सोबत झोपेतून उठवून आणलेला चावीवाला. स्वतः खड्ड्यात उतरून त्यांनी व्हॉल्व्ह उघडून घेतला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा नळ आधी शिंकला, मग गंजाचं तांबडं काहीतरी ओकला, आणि मग चक्क पाणी! मी रडलो, अण्णा. ओळीने बारा दिवस साहेब सहाला आणि पाणी सव्वासहाला. (त्याच दिवसांत नीलमला कळवायला हवं होतं, पण मी पिंपं भरण्यात गुंतलो.)

आता उपकाराची फेड नको का करायला? आमच्या सेक्रेटरी हंसाबेन म्हणाल्या, "आत्मारामभाई, कंप्लेंट तो बहुत लिखा, अब साहब के लिए अच्छा भी लिखो ना, ऊपर तक." मी मनापासून लिहिलं. असा कर्तबगार अधिकारी एका लहानशा नगरपालिकेत अडकून पडावा हे राज्याचं दुर्दैव, असंही एक वाक्य घातलं (अर्जाला वजन यावं म्हणून). साठ सह्या घेऊन अर्ज मंत्रालयात नेऊन दिला. माझ्या आयुष्यात इतक्या तातडीने दखल घेतली गेलेला हा एकच अर्ज. निकाल सविस्तर भेटीअंती सांगेन. नीलमला निश्चिंत मनाने पाठवून द्यावं, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
आत्माराम

ता. क. निकाल आत्ताच सांगून टाकतो. अर्ज दिल्यापासून नवव्या दिवशी साहेबांना बढती मिळाली आणि मराठवाड्यात बदली झाली. व्हॉल्व्ह आहे, चावीवाला आहे. सहाला तिथे उभा राहणारा माणूस नाही. नळ कोरडा आहे.

आणखी ता. क. आपण मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतात. साहेब परत मिळावेत असा अर्ज आपणच लिहून द्यावा. मला स्तुती जमते, पण कुठे थांबायचं ते कळत नाही.

शेवटचा ता. क. नीलमला हे पत्र माझ्या सहीपर्यंतच वाचून दाखवावं.

नीलम, अण्णांना आलेली पत्रं आधी तूच फोडतेस, हे मला ठाऊक आहे. पाणी नाही. घर मात्र खायला उठलंय. कळशा मी भरीन, तिन्ही जिने मीच चढवीन. तू ये.