कमरेवरचं पिस्तूल

युसूफ वडगाव,
फाल्गुन वद्य तृतीया, सन १३२५ फसली

प्रिय भिवरा,

हे पत्र तू न वाचता फाडून टाकशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. तरी वाच. यांचा दहावा झाल्यावर तू माझ्या दाराशी आली होतीस. "सत्यभामे, दार उघड, एवढंच मागते," असं तीनदा म्हणालीस. मी आत कडीवर हात ठेवूनच उभी होते. तुझा श्वास मला ऐकू येत होता. कडी काही मी काढली नाही. तुझ्या नवऱ्यानं माझा नवरा मारला म्हणून नाही काढली, असं गाव समजलं आणि तूही समजली असशील. तसं नव्हतं. तुझ्या डोळ्याला डोळा द्यायची माझी छाती झाली नाही.

तू आता माहेरी तलवाड्यात आहेस, तुझी आई कशी आहे? तिच्या गुडघ्यांना एरंडाचं तेल लावत जा. आपण दोघी एकाच गल्लीतल्या, एकाच वर्षी लग्न होऊन एकाच गावात आलो. सासरी रडू आलं की एकमेकींच्या परसात जाऊन रडायचो. माझे हे आणि तुझे राधाकिशन भावजी यांची मैत्री तर आपल्याही आधीची. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. काही तुला ठाऊक आहे. काही माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या चैत्रात घाटात गाड्या लुटल्या गेल्या, तेव्हाची गोष्ट. गावात पिस्तुलाचा सरकारी परवाना तिघांकडेच होता. यांच्याकडे, भावजींकडे आणि मकसूदमियाँकडे. तिघं मकसूदमियाँच्या बैठकीत जमले होते. आपण दोघी पडद्यामागे मियाँच्या बायकोजवळ, हजराबीजवळ, शेवया वळत बसलो होतो. आठवतं ना, बोलणं कसं चढत गेलं ते? हे म्हणाले, "पिस्तूल कमरेला उघडं दिसलं पायजे. दिसलं की चालवायची पाळीच येत न्हाई. कोटाखाली लपवून चारचौघांत बसायचं, ही फसवणूक हाय." भावजी म्हणाले, "सुंदरराव, उघडं लावलंस की लोक तेवढंच बघतील, तू कुणाला दिसायचा न्हाईस. चोराला कळू नये कुणाच्या कोटाखाली काय हाय, त्यातच गावाची राखण हाय." मकसूदमियाँनी दोघांनाही हात जोडले. "माझं तर संदुकीत हाय, तिथंच राहील. परवाना घर राखायला दिलाय, बाजार फिरायला न्हाई." तेव्हा आपण दोघी हसलो होतो. शेवटी कुणीच कुणाचं ऐकलं नाही. अक्षय्यतृतीयेला यांनी नवा चामड्याचा पट्टा बांधला आणि पिस्तूल अंगरख्यावरून उघडं लटकवलं. भावजींनी आपलं कोटाच्या आत शिवून घेतलेल्या खिशात ठेवलं. तो खिसा तूच शिवला होतास.

पहिल्या मंगळवारच्या बाजाराला मी दमणीत बसून मागोमाग गेले होते. पडदा जरा सारून पाहत होते. हे पायी पुढं चालले होते. ते जसजसे पुढं जात, तसतसा बाजार मुका होत जायचा. भाव करणाऱ्या बाया अर्ध्या शब्दावर थांबायच्या. एका तेल्याच्या हातातली धार चालूच राहिली, माप भरून तेल मातीवर सांडत होतं, आणि तो यांच्या कमरेकडे बघत होता. माझी दमणी पुढं गेली की मागं पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. पण आम्ही होतो तिथं बैलांच्या घुंगरांखेरीज आवाज नव्हता. भर दुपारी, एवढ्या गर्दीत. घरी आल्यावर हे खूश होते. "बघितलंस? आवाज चढवून बोललं न्हाई कुणी." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून गावातलं कुणी यांच्या तोंडाकडे पाहून बोललं नाही. रामराम करायचे तोही कमरेला.

मग ते घरात आलं. आमची ठकू ओसरीवर बाहुल्या मांडून खेळत होती. तिनं स्वतःच्या कमरेला लाकडी पळी खोचली होती, आणि बाहुल्या सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसवल्या होत्या. मी विचारलं, "का गं, तोंडं कावून फिरवलीस?" ती म्हणाली, "बाबा आल्यात." पाच वर्षांची पोर. ती हसत नव्हती आणि भ्यालेलीही नव्हती. रोजचं काम केल्यासारखी एकेका बाहुलीची मान नीट करत होती.

आषाढ लागला तेव्हा यांना मागं कुणीतरी चालतंय असं वाटू लागलं. जेवताना मधेच मान वळवायचे. शेतावरून येताना वाटेत थांबायचे. "मी थांबलो की त्यो बी थांबतोय," म्हणायचे. मी म्हटलं, नव्या पट्ट्याचं चामडं करकरत असेल. त्यांनी मला गप्प बसवलं नाही, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "चामडं श्वास घेत न्हाई गं."

श्रावणातल्या एका सोमवारी, उन्हं डोक्यावर असताना, आमचा गडी सटवा गोठ्याच्या दारातून पाण्याची घागर घेऊन आत आला. वीस वर्षं तो त्याच दारातून येत होता. हे पाठमोरे बसले होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते. हे वळले ते पिस्तूल हातात घेऊनच वळले. नळी सटव्याच्या छातीला लागली. सटवा हलला नाही. खांद्यावरची घागर तशीच धरून तो यांच्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मालक, मी हाय. सटवा." यांनी त्याला ओळखलं नाही, भिवरा. चांगला दहा श्वासांचा वेळ ओळखलं नाही. मग हात खाली आला, आणि हे तिथंच भुईवर बसले. सटव्यानंच त्यांना पाणी पाजलं.

त्या दिवसानंतर हे आणखी गप्प झाले. मी मात्र शांत झाले. सटव्याची बायको विचारायची, "मालकीणबाई, तुमाला भ्या वाटत न्हाई व्हय?" मी म्हणायचे, न्हाई. गाव दिवसेंदिवस जास्त भीत होतं आणि मी त्याच घरात स्वस्थ झोपत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यांनी पूजेसाठी सगळी हत्यारं पुसायला काढली. मी पाटावर हळदीकुंकू मांडत होते. तलवार झाली, कट्यार झाली. मग पिस्तूल मधून मोडून त्याची चक्री उघडली. आत बघत राहिले. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही. हळद माझ्या बोटांवर सुकली. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वैशाखापासून त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट असं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पिस्तूल मिटलं, तेलाच्या फडक्यानं पुसलं, पाटावर ठेवलं. मी त्यावर कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी तेच कमरेला लावून सोनं वाटायला बाहेर पडले.

कार्तिकात आम्ही नारायणगडाला दर्शनाला गेलो. तिथं पंगतीत हे बसले तशी डावी-उजवीकडची माणसं एकेक करून उठली आणि पलीकडे सरकली. दोन्ही बाजूला एकेक पत्रावळ रिकामी राहिली. वाढपी वाढत आला आणि त्या रिकाम्या पत्रावळींवरही भात, आमटी वाढून पुढं गेला. त्यानंही मान वर केली नव्हती. यांनी घास घेतला नाही. मी बायकांच्या पंगतीतून बघत होते. हे एकदा डावीकडच्या पत्रावळीकडे बघायचे, एकदा उजवीकडच्या. परतताना गाडीत म्हणाले, "समद्यांना मी दिसत न्हाई. फकस्त त्यो दिसतोय." कोण, असं मी विचारलं नाही. काढून ठेवा, असंही म्हटलं नाही. तेव्हा म्हटलं असतं तर त्यांनी काढलं असतं, असं आता वाटतं.

पौषातला तो मंगळवार मी पाहिला नाही. मकसूदमियाँनी सांगितला तेवढाच ठाऊक आहे. ते त्यांच्या दुकानाच्या पायरीवर होते. हे बाजारात शिरले तसे दुकानदार गोणपाटं टाकून माल झाकू लागले. भावजी समोरून आले आणि म्हणाले, "सुंदरराव, माझं ऐक. तू आलास की बाजार मरतोय. पोरंबाळं बोळात पळत्यात. काढून ठेव ते." हे म्हणाले, "मग तुझ्या कोटाखाली काय हाय ते बी दाव की." भावजी म्हणाले, "दावतो. दोगं बी काढू, हितं मकसूदमियाँच्या पायरीवर ठेवू." आणि त्यांनी कोटात हात घातला. मियाँ शपथेवर सांगतात की ते ठेवायलाच काढत होते. पण कोटात गेलेला हात यांनी बघितला आणि पिस्तूल उपसून समोर धरलं. ते बघून भावजींचा हात बाहेर आला तो झाडतच आला. एकच गोळी. मियाँ म्हणतात, यांनी घोड्याला बोटही लावलं नव्हतं. हात लांब करून, भावजींच्या डोळ्यांत बघत नुसते उभे होते. पडल्यावरही लोक जवळ गेले नाहीत. गोळी लागलेला माणूस मातीत, आणि सगळ्यांची नजर त्याच्या हातातल्या पिस्तुलावर. भावजीच जवळ बसले. आपला कोट काढून त्यांनी यांच्या डोक्याखाली दिला, आणि पोलिसांचा अमीन येईपर्यंत तिथून उठले नाहीत.

पुढचं तू भोगतेच आहेस. अमिनानं चारचौघांत पिस्तूल उघडलं तर सहाही घरं रिकामी. माझ्या दिरांनी तिथंच ओरड केली की हा ठरवून केलेला खून आहे. राधाकिशननं सटव्याला फितवून आधी गोळ्या काढवल्या आणि मग रिकाम्या हाताच्या माणसाला मारलं. सटव्यानं चावडीत मार खाल्ला. पुढचे दोन दात गेले. "म्या न्हाई काढल्या" एवढंच तो म्हणत राहिला. श्रावणातल्या त्या दुपारचं त्यानं कुणाला सांगितलं नाही, मालकाची लाज जाईल म्हणून. भावजी आणि सटवा दोघंही आता बीडच्या तुरुंगात आहेत. बाजार भरतो. पण यांची चालायची वाट, ती मधली पट्टी, लोक अजून मोकळी सोडतात. परवा ठकूला घेऊन गेले तेव्हा पाहिलं. दोन्ही अंगांनी गर्दी, आणि मधून रिकामा रस्ता, माणूस जाईल एवढा. ठकूनं माझं बोट सोडलं आणि ती कडेला होऊन उभी राहिली. कुणाला तरी जाऊ देत होती.

भिवरा, त्या गोळ्या मी काढल्या. श्रावणातल्या त्याच सोमवारी, हे आंघोळीला गेले होते तेव्हा, पाच मिनिटांत. सटव्याच्या छातीवरची नळी मी पाहिली होती, आणि दुसऱ्या वेळी तिथं ठकू असती. सहा गोळ्या चिंधीत बांधून मी तुरीच्या कणगीत खोल पुरल्या. खंडेनवमीला त्यांना ते कळलं. गोळ्यांची डबी त्यांच्याच पेटीत होती, किल्ली त्यांच्याच जानव्याला. पुन्हा भरायला कुणी अडवलं नव्हतं. त्यांनी भरल्या नाहीत. तेव्हापासून पौषापर्यंत आम्ही दोघं एका घरात हे जाणून राहिलो आणि एकदाही बोललो नाही. त्या मंगळवारी पिस्तूल उपसलं तेव्हा ते रिकामं आहे हे त्यांना ठाऊक होतं. सगळं गाव त्याच्यापुढं मान खाली घालतं, तर भावजीही घालतील, असं त्यांना वाटलं असेल. की दुसरं काही वाटलं असेल, ते मला आता कधी कळायचं नाही. भावजींना आणि सटव्याला यातलं काही माहीत नव्हतं. दोन महिने मी गप्प राहिले, कारण हे बोलले की माझ्या नवऱ्याच्या मरणात माझा हात निघतो. दिरांनी आताच बजावलं आहे की तोंड उघडलंस तर ठकू तुला दिसायची नाही. म्हणून ठकूला आज सकाळी हजराबीच्या घरी पोचवलं, आणि कणगी उपसून चिंधी काढली. हे पत्र मकसूदमियाँ स्वतः घेऊन येत आहेत. पाडव्याच्या आधीच्या सोमवारी बीडच्या अदालतीत तारीख आहे, तिथं मी गोळ्या ठेवून सगळं सांगणार आहे. मधल्या दिवसांत माझं काही बरंवाईट झालं, मला पोचू दिलं नाही, तर हे पत्रच वकिलाच्या हाती दे. खाली मी सही केली आहे आणि अंगठाही उठवला आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही. तुझा माणूस मात्र घरी घेऊन जा.

तुझीच,
सत्यभामा