एसीत शिरलेली चटणी

अव्वा, तू एसी न बघताच गेलीस, म्हणून आधी ते सांगते. भिंतीवर उंच एक पांढरी पेटी बसवतात. ती खोलीतली हवा ओढून घेते आणि गार करून परत सोडते. त्यासाठी दारं-खिडक्या लावून बसायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कोंडून घेऊन कुठं गार होतंय व्हय?" मीही तेच म्हणाले होते. हे सगळं माझी नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, शाळेच्या वेळेला तूच मला शेळ्यांमागं धाडायचीस. नात मधेच थांबून माझी भाषा सुधारते. मी म्हटलं, सुधार, पण माझ्या आईला कळंल एवढी शिल्लक ठेव.

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटात ही पेटी आली ती तुझ्या जावयासाठी. त्यांच्या काळजाचं ऑपरेशन झालं आणि उन्हाळा त्यांना सोसेना. भर दुपारी श्वास आखूड व्हायचा. डॉक्टर म्हणाले, यांना उकाड्यात ठेवू नका. मुलानं आठवड्यात एसी बसवला. पहिल्या दिवशी ते गार खोलीत पाय पसरून झोपले तेव्हा मी नुसती बघत बसले होते. इतकी शांत झोप त्यांना महिनाभर लागली नव्हती.

आणि त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, मी घोळ घातला. वर्षाच्या मिरच्या डंकाच्या गिरणीत कुटून चटणी करून आणली होती. डंकावरची चटणी घरी पुन्हा चाळून घ्यायची हा तुझा नेम, तो मी कधी मोडला नाही. स्वयंपाकघरात उकडत होतं. हे मुलाबरोबर तपासणीला गेलेले, खोली रिकामी. मी एसी लावला, खाली कागद अंथरला आणि बरोबर पेटीखाली मांडी घालून सहा किलो चटणी चाळली. अशा थाटात चटणी चाळणारी कोल्हापुरातली पहिली बाई मीच असेन! तिखटाचा खकाणा उठला तो मला फारसा लागलाच नाही. मला वाटलं, काय पण सोय आहे! तो सगळा वर पेटीनं ओढून घेतला होता.

ते परत आले, आडवे झाले, एसी लावला आणि खोकू लागले. टाके घातलेल्या छातीवर दोन्ही हात दाबून खोकत होते, डोळ्यांतनं पाणी. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मुलानं मिस्त्रीला फोन लावून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "मावशी, मे महिना हाय. मंगळवारपत्तोर काय जमत न्हाय बघा." मंगळवार चार दिवसांवर. हे म्हणाले, "पंखा हाय की. चालतंय." पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच त्यांचे ओठ सुकले होते आणि बोलताना ते मधे दम घेत होते. मला मात्र त्यांनी धाक घालून ठेवला होता, "अडाण्यानं मशीनला हात लावायचा न्हाय."

मुलगा-सून कामावर गेले. हे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली डुलकी घेत होते. मी मेन बटण बंद केलं, स्टूल घेतलं, वर चढले आणि झाकण उचललं. आत काय असावं? जाळी! पिठाच्या चाळणीसारखी बारीक जाळी, धुळीनं करडी झालेली आणि वर लालभडक थर. अव्वा, मला हसू फुटलं. ही तर आपली चाळणच!

मी नऊ-दहा वर्षांची असेन. हातकणंगल्याच्या घरात चुलीजवळ बसून मी चाळण साफ करते आहे, काडीनं वरनं टोचून टोचून. तू माझ्या हातातनं काडी हिसकावून घेतेस. "आत काय ढकलतीस? घाण आली तिकडनंच परत घालवायची असती!" मग कानडीत आणखी काही बोलतेस. राग आला की तू कानडीत शिरायचीस. मग चाळण उलटी करून पाठीमागनं थापटी मारून दाखवतेस. धुतलेली चाळण मी उन्हात टाकते, तेव्हा पुन्हा ओरडतेस, "कडं तडकंल की गं, सावलीत ठेव!"

तसंच केलं. नळाखाली जाळी उलटी धरली, पाण्याची धार बारीक सोडली. लाल पाणी वाहिलं, मग करडं, मग स्वच्छ. झटकून सावलीत वाळत घातली. जाळीमागं पातळ पत्र्याच्या उभ्या पट्ट्या होत्या, बोट लागलं तर वाकतील अशा. त्यांना ह्यांचा दाढीचा ब्रश वरनं खाली हळूच फिरवला.

दुपारी एसी लावला. आधी मी एकटीच खाली उभी राहून हुंगलं, मग ह्यांना आत नेलं. खोकला नाही. "मिस्त्री आला हुता काय?" मी म्हटलं, "तुमचा डोळा लागलेला तवा येऊन गेला." ते झोपले. तासाभरानं त्यांचा श्वास संथ झाला, तेव्हा मी जेवले.

ब्रश मी दोनदा धुतला होता गं. तरी सकाळी दाढी करताना ओरडले, "साबण बदलला काय? तोंड जळतंय!" मी म्हटलं, "कंपनीनं बदलला असंल." नात लिहायची थांबून हसते आहे.

मंगळवारी खरा मिस्त्री आला, त्याला मी दारातनंच परत धाडला. पुढं दर पंधरवड्याला मी जाळी धूत राहिले, त्यांचा डोळा लागला की. असे चार उन्हाळे काढले त्यांनी. घरी कोणी आलं की सांगायचे, "त्या मिस्त्रीच्या हाताला गुण हाय. मला जगवला त्यानं."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. नात विचारते, "आज्जी, आजोबांना खरं का नाही सांगितलंस?" मी तिला म्हटलं, काळजीनं झोपले नसते. ते खरं आहे, पण अर्धंच. अव्वा, ते मिस्त्रीचं कौतुक करायचे तेव्हा मी चहा गाळता गाळता दाराआड थांबून सगळं ऐकायची. ते सगळं माझंच होतं. सांगितलं असतं आणि ते नुसतं "बरं" म्हणून कुशीवर वळले असते, तर? मशीनला मी भ्याले नाही. त्या "बरं"ला भ्याले.