वळणाची बाहेरची बाजू

आई, वाशीतल्या त्या वळणावर आता सिग्नल आहे. तिथे गाड्यांची एवढी रांग लागते की त्याच जागी कधी शर्यत झाली असेल यावर माझ्या मुलीचा विश्वास बसेना. परवा तिला मुद्दाम दाखवलं, तर म्हणाली, "इथे रेस? काहीही हं, मम्मी." मग तिला सांगावं लागलं की या गावात रस्ते आधी आले आणि माणसं नंतर. खाडीपूल झाल्यानंतरच्या त्या वर्षांत काळेभोर रुंद रस्ते थेट मिठागरांपर्यंत गेलेले असायचे आणि सकाळच्या वेळी त्यांच्यावर दूधवाला आणि गावातल्या म्हशी सोडून कुणी नसायचं. मोटरसायकलवर जीव असलेल्या माणसांना दुसरं काय हवं होतं? तिने पुढे काही विचारलं नाही. पण घरी आल्यापासून माझ्या डोक्यात तूच आहेस, म्हणून हे लिहायला बसले.

बाबा पावणे गावाजवळच्या एका कारखान्यात फिटर होते, आठवडाभर दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करायचे आणि रविवारी शर्यत नसली की स्वतःची गाडी खोलून बसायचे. आपल्या दोन खोल्यांच्या घरात गाडीचे भाग ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे ते स्वयंपाकघरातच यायचे. मला अजून दिसतं, तू भाकरी थापते आहेस आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या आमटीच्या वाटीत कार्बुरेटरचे बारीक तुकडे ठेवलेले आहेत. तू वर न बघता म्हणतेस, "ती वाटी आता तुमचीच. तिच्यात परत काही वाढणार नाही मी." बाबा म्हणतात, "चालेल. मला जेवायलाही तीच दे." तू हसू दाबतेस, ते मला दिसतं. शर्यतीला तू कधी गेली नाहीस. ते परत आले की आधी त्यांचे कोपर बघायचीस, मग गुडघे, आणि नंतर पाणी द्यायचीस.

ते पडायचे, हे आपल्याला माहीत होतं. पडणं त्यांना येत होतं असंच म्हणायला हवं. गाडी घसरली की ती सोडून द्यायची, अंग सैल ठेवायचं आणि जमिनीवरून जिथवर जाईल तिथवर जाऊ द्यायचं, असं ते मला सांगायचे. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. गाडी घसरली, त्यांनी ती सोडली आणि ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला घसरत गेले. तिथे नवा विजेचा खांब होता. त्यावर दिवासुद्धा अजून बसवलेला नव्हता. त्यांच्याबरोबर शर्यतीत उतरणारे त्यांचे मित्र, आपले काका, आपल्याला सांगायला आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. ते काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. नंतर जो तो म्हणायचा की वेगाने घात केला. नातेवाईक म्हणाले, कारखान्यातले लोक म्हणाले, तुझ्या शाळेतल्या बाईही म्हणाल्या. तू ऐकून घ्यायचीस. तू कोपरखैरण्याच्या शाळेत शिकवायला जातच राहिलीस, आणि शर्यती बंद झाल्या.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी काका पुन्हा आले. आता मुंबईच्या क्लबात त्यांच्या शब्दाला वजन होतं. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की शर्यत परत सुरू करायची आहे, तीही बाबांच्या नावाने, आणि झेंडा तू दाखवायचा आहेस. मला राग आला होता. तू त्यांच्या कपात चहा ओतलास आणि विचारलंस, "रस्ता कुठला?"

"तोच, वहिनी. शर्यत तिथे संपते ते बघायला लोकांना आवडतं."

"आणि खांब?"

"खांब आहेत तिथेच. ते काय आपण हलवणार?" काकांनी चहाचा घोट घेतला. "शर्यत म्हटली की धोका आलाच, वहिनी. तो त्यालाही माहीत होता."

तू कप खाली ठेवलास. "माझे मिस्टर धोक्याने नाही गेले, भाऊजी. खांबाने गेले. आधी मला रस्ता दाखवा. मग झेंड्याचं बघू."

रविवारी आपण तो सगळा रस्ता पायी फिरलो. तू, मी, काका आणि रस्त्यांच्या कामावरचा एक तरुण इंजिनिअर, ज्याची परवानगी लागणार होती. ऊन चांगलंच होतं आणि तुझ्या पायात शाळेत घालायच्या चपला होत्या. तू प्रत्येक वळणावर थांबायचीस आणि एकच प्रश्न विचारायचीस, पहिलीतल्या मुलांना विचारावा तसा सावकाश, "इथे माणूस घसरला तर कुठे जाईल?" पहिल्यांदा काका हसले. इंजिनिअर हसला नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, गाडी ज्या बाजूने येणार तिकडे त्याने पाहिलं आणि हात लांब करून म्हणाला, "सरळ. गाडी वळते, पण पडलेला माणूस वळत नाही. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला काही ठेवायचं नसतं, आणि आपण नेमके तिथेच खांब लावलेत आणि तिथेच लोक उभे करतो." तू त्याच्याकडे बघत राहिलीस. इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणी सरळ शब्दांत तुला सांगितलीच नव्हती.

त्या वळणाशी तू आधी गेली नव्हतीस हे मला त्याच दिवशी कळलं. खांबाला आता दिवा होता आणि कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली होती. तू त्याला हात लावला नाहीस. इंजिनिअरने सुचवलं की शर्यत या वळणाच्या अलीकडच्या रस्त्याला वळवली तर बाहेरच्या बाजूला मोकळं शेत मिळेल. काकांना ते पटेना, कारण मग लांब सरळ रस्ता निम्मा होत होता. "वेगच उरला नाही तर बघायला कोण येईल?" ते म्हणाले. शेवटी रस्ता तोच राहिला, पण वळणाच्या आधी ड्रम मांडून गाड्यांना वेग कमी करायला लावायचा, खांबांपुढे जुन्या टायरांच्या थप्प्या आणि पेंढा भरलेली पोती रचायची, आणि प्रेक्षक सगळे आतल्या बाजूला, असं ठरलं. काका जाताना मला हळूच म्हणाले, "तुझ्या आईने शर्यतीची बाळंतिणीची खोली करून टाकली."

शर्यतीच्या सकाळी पोती होती, टायर होते, पण लोक बाहेरच्याच बाजूला. गावातली एक म्हातारी तर नातवंडं घेऊन नेमकी पोत्यांच्या मागे बसली होती. स्वयंसेवक तिला उठवून थकले होते. मग तू गेलीस.

"आजी, इथे गाडी येऊ शकते. पलीकडे बसा."

"मंग आमी बगाचा कुठशी?" ती म्हणाली. "ह्यो रस्ता आमच्याच शेतान हाय. तू कोन उठवनारी?"

तू तिच्याशेजारी खाली बसलीस. काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. तू एकदा त्या खांबाकडे बोट दाखवलंस एवढं दिसलं. म्हातारीने तुझ्याकडे पाहिलं, मग धाकट्या नातवाला कडेवर घेतलं आणि ओरडून सगळ्यांनाच पलीकडे हाकललं. झेंडा दाखवून झाल्यावर तू माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस.

जवळपास शेवटच्या फेरीत एक मुलगा पडला. विशीतला असेल, मुंबईकडचा. त्याने ड्रमांमधून गाडी फार जोरात काढली, मागचं चाक घसरलं, गाडी एकीकडे आणि तो आपल्यासमोरून सरळ, अगदी इंजिनिअरने हाताने दाखवलं होतं तसाच, बाहेरच्या बाजूला घसरत गेला. पोत्यांवर आदळल्याचा मऊ, जाड आवाज आला. पेंढा उडाला. मी तुझा दंड घट्ट धरला होता. मग पेंढ्यातून आधी हात वर आला, मग तो उठून बसला आणि हेल्मेट काढून वेड्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते. काका धावत गेले, त्याला उभं केलं, तो एका पायाने लंगडत होता आणि हसत होता. म्हातारीची मघाची जागा रिकामी होती.

सगळ्यांना वाटलं तू आनंदाने रडते आहेस. मी शेजारी होते, आई. तू पोत्यांकडे बघत होतीस, फाटून पेंढा बाहेर आलेल्या त्या दोन-चार पोत्यांकडे, आणि अगदी हळू म्हणालीस, "एवढंच होतं?" नंतर पुन्हा एकदा, "एवढंच करायचं होतं?" त्यानंतर पदराने तोंड पुसून तू त्या मुलाकडे गेलीस, आणि त्याचे कोपर बघितलेस.

त्यानंतर थोडी वर्षं शर्यती झाल्या आणि दर वेळी आधी रस्ता फिरायला ते तुला बोलवायचे. काका पुढे स्वतःच लोकांना पलीकडे हाकलायचे, तुझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. मग इमारती उठल्या, बस आल्या, रस्ते भरले, आणि शर्यतीला जागा उरली नाही. आपण दोघी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी तुझ्याजवळ बसून असायचे, वेळ पुष्कळ होता, तेव्हाही नाही.

हे कागद आता घडी करून साड्यांखाली ठेवीन. तू असतीस तरी तुझ्या हातात दिले नसते, कारण एक गोष्ट राहिली आहे. तो मुलगा पडायच्या आधी, पहिल्या फेरीला सगळ्या गाड्या एकदम आपल्या समोरून गेल्या, तेव्हा तो आवाज माझ्या छातीत उतरला आणि मला फार आवडला. बाबा रविवारी कुठे जायचे ते मला तेव्हा कळलं. मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. तुझ्याही चेहऱ्यावर तोच आनंद असेल, अशी मला भीती वाटली.