चंपाबाईचं ताट

प्रिय शांतवन,

गुरुवार, २३ ऑक्टोबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. विसरला असशील, म्हणून लिहिते. शेजारची चंपाबाई भाऊबिजेच्या फराळाचं ताट घेऊन आपल्या पायरीवर उभी होती. मी आत चहा टाकत होते. "शांत्या, अनारसे तुह्याचसाठी केले रे," एवढं मला ऐकू आलं. मग तुझा आवाज, नागपूरच्या नव्या ख्रिस्ती मंडळीत कमावलेला: "मूर्तीपुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही." मी बाहेर येईपर्यंत ती ताटावर पदर ओढून निघून गेली होती.

त्याच अनारशांवर तू वाढलास. तेव्हा नाही बाटला तुझा आत्मा? मी शिकले त्या कॉन्व्हेंटात कुणी ताटाला नाक मुरडलं, तर सिस्टर त्याला उपाशी उठवत. तुला तिथेच घालायला हवं होतं.

इंझोरीत ख्रिस्ती घर एकच, आपलं. आईनं कुणाच्या हातात कधी बायबल दिलं नाही. नर्सची पिशवी घेऊन चिखलातून बाळंतपणांना गेली, बस. दिवाळीला आलेलं ताट नाताळात करंज्यांनी भरून पाठवायचं, ही बायबलातल्या दहांपुढची तिची अकरावी आज्ञा. येशू कसा असेल, हे गावानं तिच्याकडे बघून ठरवलं होतं. तुझ्याकडे बघून दोन मिनिटांत पुन्हा ठरवलं.

मी माफी मागायला गेले. चंपाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाट दिला, पाणी दिलं, आणि सूप ओढून तांदूळ निवडायला बसली. नाताळात मी करंज्या नेऊन दिल्या. संध्याकाळी तिचा मुलगा इंद्रभान ताट परत घेऊन आला. एक करंजी हललेली नव्हती. म्हणाला, "बाई, तुमच्या देवाले आमचं चालत नाही, मंग आमाले तुमचं कसं चालन?" शाळेत माझाच विद्यार्थी होता तो. उत्तर बरोबर होतं.

आता खरं सांगते. अकोल्याच्या डॉक्टरांनी पोट तपासलं. ऑपरेशनची वेळ गेली, म्हणाले. पावसाळा मी बघणार नाही. आईची शवपेटी नाल्यापलीकडच्या आपल्या वावरापर्यंत इंद्रभान आणि त्याच्या भावानं, जगदेवनं, खांद्यावर नेली होती, आठवतं? तू मागून चालत होतास. माझ्या वेळी तुझी मंडळी गाडी घेऊन येईल, गाणी म्हणेल, उरकून जाईल. मला त्यांचे खांदे नकोत. मला चंपाबाईच्या दारातले खांदे हवेत. त्यासाठी तू इथे ये, तिच्या ओट्यावर बस आणि तिच्या हातचं मागून खा.

तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी शनिवार, ३१ जानेवारीच्या टपालापर्यंत मला लेखी उत्तर हवं. फोनवरचं 'जय ख्रिस्त' नको. तुझं 'नाही' तुझ्या सहीनिशी पाठव. ते मी चंपाबाईला वाचून दाखवीन. ते येशूचं नव्हे, तुझं आहे, एवढं तरी तिला कळू दे.

तुझीच, अजूनही,
एस्तेरताई