माशाच्या कपाळावरचं कुंकू

अण्णा,

त्या आषाढात तुमच्या हाताला कसला वास येत होता, ते मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि मी अजून तो टाकीच्या पाण्याचाच वास समजत होते. तुम्हीच तसं सांगितलं होतं, आणि तुमचं बोलणं पडताळून बघायची आपल्या घरात रीत नव्हती.

बेळगोळच्या रस्त्यावरच्या कारखान्यात तुम्ही कारकून होता. तिथल्या साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या बंगल्यातले जपानी कोई मासे तुम्ही बादलीत घालून सायकलवरून आणलेत आणि परसातल्या सिमेंटच्या टाकीत सोडलेत. काही पिवळे, काही काळ्या ठिपक्यांचे, आणि एक अख्खा पांढरा, डोक्यावर मधोमध लाल वाटोळा टिळा असलेला. आईनं तो बघितला आणि हातच जोडले. "अय्यो, ही तर सवाष्ण आली हो घरात!" तुम्ही हसलात. "जपानची सवाष्ण आहे, तिला मराठी येत नाही, कन्नडमध्ये बोल." पण आईची ती थट्टा नव्हती. देवाला नैवेद्य दाखवून झाला की त्यातला दहीभात आधी सवाष्णीला, मग आपल्याला. सणाआधी टाकी रिकामी करून ती आतून घासायची, चुना मारून पांढरीशुभ्र करायची, धुऊन मग पाणी भरायची. देवघराइतकी स्वच्छ टाकी, आणि तरी ते कुंकू उतरत चाललं. आधी शेंदरी झालं, मग कुणी ओल्या पदरानं पुसल्यासारखं. आईनं उपास वाढवले. सोमवार होतेच, मंगळवार धरले, मीठ सोडलं. माशाचा रंग गेला म्हणजे तुमच्यावर काहीतरी येणार, हे तिच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

माझं लग्न होऊन मी नंजनगूडला गेले आणि पहिल्या आषाढात रीतीप्रमाणे माहेरी आले. आले तर तुमची कॉलर मानेभोवती सैल झालेली. "अण्णा, डॉक्टरांकडे गेला होता का?" "गेलो की. पित्त म्हणाले, अष्टे." तेवढंच, बाकी काही नाही. रोज उजाडताच तुम्ही टाकीशी जाऊन बसायला लागलात. आयुष्यात कधी देवापुढे धड बसला नव्हता, म्हणून आईला केवढं कौतुक. मी अजून बघते आहे, तुम्ही परसातून येता, हौदावर शिकेकाई घेऊन हात चोळचोळून धुता, आणि आई नाकाला पदर लावते. "अहो, हाताला कसला हो वास?" "टाकीच्या पाण्याचा. जपानी मासे आहेत, त्यांना काय मोगऱ्याचा येणार?"

आणि कुंकू परत आलं. महिनाभरात पहिल्यासारखं लालभडक. आई टाकीच्या काठावर बसून रडली. आषाढ संपला, सासूबाईंचा निरोप आला. मी म्हटलं, अजून थोडी राहते, तुमचं अन्न जात नाहीये. तुम्ही माझा हात धरून मला टाकीशी नेलंत. "बघ. तुझ्या आईचं सौभाग्य कसं लखलखतंय. देवानं ग्वाही दिली, आणि तू मॅट्रिक झालेली मुलगी सुम्ने, उगीचच, भितेस?" मी बसमध्ये बसले. श्रावण उलटायच्या आत तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं.

डॉक्टरांनी तुम्हाला सगळं आधीच सांगितलं होतं, ते आम्हाला मागाहून त्यांच्याच तोंडून कळलं. दुखणं लपवलंत ते मी केव्हाच पोटात घातलं. माणसं लपवतात. पण परवा सूनबाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मुलानं अंगणात टाकी बांधली आहे, तिच्यातले कोई फिके पडले होते आणि मी आईसारखाच त्यांना दहीभात घालत होते. अन्न वाया जाऊ नये, आणि देवाचं आहे म्हणून. "अत्ते, भातानं रंग कसा राहणार? तांबडा रंग त्यांना अंगात तयार करता येत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. आणि टाकी आतून पांढरी नको, गडद हवी. पांढऱ्यात ते आणखी फिके होतात." तिनं खाद्याचं पाकीट कापलं. "ह्यात शेवाळं आहे, सुक्या कोळंबीची पूड आहे." माझ्या नाकात तो वास गेला आणि मी तिथेच पायरीवर बसले. तो तुमच्या हाताचा वास होता, अण्णा.

ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नव्हता, तिथे तुम्ही कोळंबीची पूड आणलीत. तेही एक वेळ चालेल. पण आईची श्रद्धा तुम्हाला ठाऊक होती, आणि तिच्यातच तुम्ही खोटं कालवलंत. तुम्ही गेल्यावरही माशाचं कुंकू तसंच लाल होतं. आई म्हणाली, "मासा खोटं बोलायचा नाही. माझ्याच व्रतात काही उणं राहिलं." मासे तिनं देवळाच्या कल्याणीत, तिथल्या तळ्यात, सोडायला लावले आणि मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली. तुम्ही तिला महिनाभराचं सुख दिलंत आणि पुढचा सगळा जन्म तिच्याकडून वसूल केलात. मी घरचा हिशेब ठेवणारी बाई आहे, ह्याचा मेळ मला लागत नाही. आणि मला तर तुम्ही देवाचं नाव घेऊन बसमध्ये बसवलंत. मी राहिले असते. पाय चेपले असते, पेज भरवली असती. ते माझं होतं, तुमचं नव्हतं दवडायला.

ह्यांची तब्येत गेले काही दिवस बरी नाही. डॉक्टरांनी काल मला एकटीला आत बोलावलं होतं. आज सकाळी लेकीचा बेंगळूरूहून फोन आला, "आई, खरं सांग, बाबा कसे आहेत? मी येऊ का?" मी म्हटलं, "छान आहेत गं. सुम्ने रजा कशाला घालवतेस?"

तुम्हाला जाब विचारायचा म्हणून लिहायला बसले. राग आहे, तो कमी झालेला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते, की दुपार झाली आणि मी तिला अजून परत फोन केलेला नाही.