एरंडेलाचा जळका वास

बाबा, आज सकाळी नातवानं पिकअप सुरू केली आणि मी ओसरीवरून ओरडले, "बंद कर! वास येऊन राह्यला." त्यानं कपाळावर हात मारला. तूर घेऊन रिसोडला जायची घाई होती त्याला. तरी बिचारा उतरला, बोनट उघडलं, खाली वाकून पाहिलं. "आजी, कायचाच वास नाई. दर खेपेले तुह्यं हेच." मग तो गेला, आणि मी तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला लिहू?

लढाईचे दिवस होते. तुम्ही कापसाच्या जिनिंगची छोटी लॉरी चालवत होता, आणि शेठच्या हातापाया पडून ती त्या दिवशी शिरपूरला आपल्या दारात आणली होती. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आलेली. उजाडायच्या आधीपासून कळा सुरू होत्या. सुईणीनं एरंडेल पाजून पाहिलं, पोट चाचपलं आणि आईला म्हणाली, "लेकरू आडवं हाय बाई. हे माह्या हातचं नाई. अकोल्याले न्या, नाई तं दोघंबी हातचे जातीन." मला मागे गादीवर निजवलं, आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तुम्ही हँडल मारलं, इंजिन लागलं, आणि माझ्या जिवात जीव आला. वाटलं, निघालो एकदाचे.

आणि तुम्ही इंजिन बंद केलं.

"आता काहून बंद केली?" आई ओरडली. तुम्ही म्हणालात, "वास येऊन राह्यला. एरंडेलाचा." "अवो, तिले पाजलं ना सुईणीनं! त्याचाच असंन. चला ना, पोरगी मरून राह्यली इथं!" पण तुम्ही बोनट उघडून आत नाक खुपसलेलं. "पाजलेलं कच्चं असते. हे जळून राह्यलं." एवढं बोलून तुम्ही लॉरीखाली शिरलात. मला फळ्यांच्या फटीतून तुमचे फक्त पाय दिसत होते. खरं सांगते बाबा, त्या पायांचा मला इतका राग कधी आला नव्हता. माझा जीव चाललाय आणि हा माणूस वास घेत बसलाय!

बाहेर आलात तेव्हा तुमची बोटं काळीमिच्च होती. धुराच्या नळीवर तेल सांडून जळत होतं. चाकांच्या आतल्या बाजूनंही तेच ठिबकत होतं. तुम्ही अंगणात पाहिलं. तिथं आजा उभा, हातात वंगणाचं नळकांडं. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. "चाकं लय किरकिर करत होती," तो म्हणाला. "आस कोरडा असंन म्हनून मीच वंगण घातलं. पोरीले हादरे नको बसाले." किरकिर आसाची नव्हतीच, ब्रेकची होती. जिथून आवाज येत होता तिथं, नातीच्या मायेनं, त्यानं एरंडेलाचं वंगण पोटभर ओतलं होतं. तेल लागलेला ब्रेक धरत नाही.

आई म्हणते, "हळू चालवा, पण चला." तुम्ही म्हणता, "मेडशीच्या घाटात हळू चालनं आपल्या हातात नसते." पुन्हा कळ येते, मी तुम्हाला नाही नाही ते बोलते, बाप आहे की वैरी म्हणते, आणि तुम्ही मान वर न करता जॅक लावता. एकेक चाक काढता. ब्रेकचे पट्टे पेट्रोलनं पुसता. पाना हातातून निसटतो, पुन्हा उचलता. आजा जवळ येऊन विचारतो, "काही चुकलं का रे माह्यं?" मी श्वास रोखून ऐकते. तुम्ही म्हणता, "नाई आबा. धूळ बसली हाय. चुलीतली राख आना थोडी, घासाले." म्हातारा पळत राख आणायला गेला. तेल प्यालेल्या पट्ट्यांवर ती राख त्यानं स्वतःच्या हातानं चोळली, आणि ती त्यानंच ओतलेलं तेल टिपायला होती हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

मेडशीच्या पुढे उतारावर, वळणाच्या पलीकडे, कापसाची एक गाडी रस्त्यात आडवी झाली होती. बैल बुजले होते, गाडीवान मध्येच उभा. तुम्ही ब्रेक दाबला. लॉरी कण्हली, आम्ही सगळे पुढे सरकलो, आणि थांबली. बैलांच्या तोंडचा फेस दिसत होता, इतक्या जवळ. तुम्ही मागच्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. चेहरा घामानं निथळत होता. पुन्हा कळ आली, ती मी आईच्या पदरात तोंड खुपसून काढली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोरीला पाय धरून ओढून काढलं. आधी निळी होती, मग रडली. तिचाच पोरगा आज तूर घेऊन गेला.

हे पत्र कुठं टाकायचं, तुम्हीच सांगा. ट्रंकेत साड्यांखाली ठेवते. एक गोष्ट मात्र घरात कोणाला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. मागच्या मोठ्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. फोडणी जळली तरी कळत नाही. तरी पोरगा गाडी सुरू करतो तेव्हा मी ओरडते. तो खाली उतरतो, वाकतो, चाकं पाहतो, आणि तेवढा वेळ मला लॉरीखालचे तुमचे पाय दिसतात.